काका, तिचा नवरा राजकोटला आहे

काल सकाळी काकांनी फॅमिली ग्रुपवर परत एक फॉरवर्ड टाकला आणि आईने तो पोहे खाता खाता मोठ्ठ्याने वाचला, आत पोळ्या करणाऱ्या ताई ऐकतायत ह्याचं भानच नाही. त्या मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या, भिल आदिवासी, आणि त्यांची जाऊ गावची सरपंच. फॉरवर्ड काय, तर आदिवासी बायकांना सरपंच करणं म्हणजे नाटक, अंगठाबहाद्दर बाईला विकास काय कळणार, सगळं नवराच चालवतो, त्यांच्यात बायका कधी पुढारी नव्हत्याच, आणि हे आरक्षण आत्ता मतांसाठी आणलंय.

शेवटचं आधी उडवते. पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी 73वी घटनादुरुस्ती 1992ची, आदिवासी भागातल्या पंचायतींचा पेसा कायदा 1996चा. काकांचे केस तेव्हा काळे होते.

नवरा चालवतो, हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे, बरं. 2025 मधे छत्तीसगडात कबीरधाम जिल्ह्यात तर पंच बायकांच्या जागी नवऱ्यांनीच शपथ घेतली, लाज नावाची चीजच नाही. पण मग नवऱ्यांना हाकला ना, बायकांना का? आणि आमच्या ताई तव्यावरून नजर न हलवता जावेबद्दल म्हणाल्या, "उसका आदमी तो राजकोट में मजदूरी करता है, होली पे आता है, क्या चलाएगा?"

आता ते अंगठाबहाद्दर. ह्यावर माझं डोकंच फिरलं. एस्थर दुफ्लो, 2019चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या, ह्यांनी आणि राघवेंद्र चट्टोपाध्यायांनी बंगालचं बीरभूम आणि आपल्या शेजारच्या राजस्थानातलं उदयपूर इथल्या पंचायती तपासल्या, 2004 मधे छापून आलंय. कुठली पंचायत बायकांसाठी राखीव ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरलेलं, म्हणजे तुलना चोख. बायका पुरुषांपेक्षा कमी शिकलेल्या, तरी दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम त्यांच्याच पंचायतीत झालं. उदयपूरला रस्ते मागे पडले, कारण तिथल्या बायकांची रड रस्त्याची नव्हतीच, पाण्याची होती. (सगळ्या आदिवासी नव्हत्या, मान्य.) हंडा जिच्या डोक्यावर तिला हातपंप कुठे हवा हे कळायला बी.ए. लागतं का? इंदौरमधे नळाला एक दिवस पाणी नाही आलं तर हेच काका टँकरसाठी दहा फोन लावतात.

पुढारी नव्हत्या म्हणे. तडवी, पटेल, म्हणजे गावचे मुखिया, पुरुषच असायचे, कबूल. म्हणून तर जागा राखीव ठेवाव्या लागल्या. द्रौपदी मुर्मू, संथाल आदिवासी, 1997 मधे ओडिशातल्या रायरंगपूरला नगरसेविका म्हणूनच सुरुवात केली त्यांनी. जुलै 2022 मधे त्यांच्या राष्ट्रपतीपदाच्या शपथेचा व्हिडिओ "गर्व" लिहून ह्याच ग्रुपवर काकांनीच टाकला होता, वर स्क्रोल करा, आहे अजून.