बूड टेकण्यापुरती जागा

पूर्वी पाहुणा मोठ्या शहरात गेला की त्याला काय दाखवायचे याची एक ठरलेली यादी असे. मुंबईत राणीची बाग, गेटवे, महालक्ष्मी आणि संध्याकाळी चौपाटीवरची भेळ. पुण्यात शनिवारवाडा, सारसबाग आणि पाहुण्याचे गुडघे धड असतील तर पर्वती. ही यादी आता मोडीत निघाली आहे. हल्ली पाहुणा लातूरहून रात्रभर रेल्वेत अंग आखडून आलेला असो की नांदेडहून, अंघोळ आणि पोहे उरकून तो सोफ्यावर जरा कलंडतो न कलंडतो तोच यजमान विचारतो, "काका, आमच्याकडचा मॉल पाहिला का?" हा प्रश्न तो अशा थाटात विचारतो, की मॉल त्याच्या पणजोबांनी नवस फेडण्यासाठी बांधून घेतला असावा. नाही म्हणण्याची सोय नसते. नाही म्हटले तर त्याच संध्याकाळी गावाकडे फोन जातो की काकांचे आता काही खरे नाही. माझे गुडघे खरोखरच गेलेले आहेत, पण ती बातमी दुसऱ्याने द्यावी हे मला पटत नाही.

मॉलशी माझे तात्त्विक भांडण नाही. चंगळवाद, बाजारीकरण, संस्कृतीचा ऱ्हास हे विषय मी व्याख्यानमालेतल्या वक्त्यांसाठी सोडून दिले आहेत. माझी तक्रार एवढीच आहे, की कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या, संगमरवराने मढवलेल्या आणि फिरून पाहायला अर्धा दिवस लागणाऱ्या या इमारतीत माणसाला बूड टेकण्यापुरती जागा का नसावी?

या तक्रारीचे मूळ आमच्या गावात आहे. लातूरची गंजगोलाई ही 1917 साली बांधलेली दुमजली गोल इमारत. तिच्या मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. कुठे सराफा, कुठे चपलांची दुकाने, कुठे मिरची, कुठे गूळ. नवख्या माणसाने डोळे मिटून कोणताही रस्ता धरला तरी तो गोलाईतून बाहेर पडतो. नाही पडला तर ओळखीचे कोणीतरी भेटते आणि त्याला घरी पोचवते. कापडाच्या दुकानात पायऱ्यांशी चपला काढायच्या, पांढऱ्याशुभ्र चादरीच्या गादीवर मांडी घालायची, चहा मागवला जायचा, पाऊसपाणी आणि तुरीचा भाव यांवर बोलणे व्हायचे आणि मग दुकानदार विचारायचा, "काय दाखवू?" दोन-अडीच डझन साड्या उलगडून एकही न घेता उठले तरी तो पुन्हा या म्हणायचा. तोंडाने म्हणायचा, मनात काय म्हणायचा ते त्यालाच माहीत. पण या सगळ्या काळात गिऱ्हाईक बसलेले असे. अशा बाजारात वाढलेल्या माणसाला मॉलमध्ये सोडणे म्हणजे काय, याची कल्पना यजमानांना नसते.

त्रास दारातच सुरू होतो. देशात मॉल ही वस्तू नवी होती तेव्हा, म्हणजे 1999 साली, मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला आणि बघ्यांची एवढी झुंबड उडाली, की मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच फुकट आत सोडायचे, बाकीच्यांनी प्रवेशासाठी पैसे मोजायचे, असा नियम काही काळ करावा लागला. त्या नावाचा मॉल आता उरलेला नाही आणि मोबाईल तर आमच्या शेतातल्या सालगड्याकडेही दोन आहेत. आता दाखवायचे ते खिसे. पुण्याच्या एका मॉलच्या तीन नंबरच्या दारावर मी खिशातला ऐवज प्लास्टिकच्या ताटलीत काढून ठेवला, तेव्हा त्यात किल्ल्या, चष्म्याचे घर, चुन्याची डबी आणि वडिलांच्या वेळचा पितळी अडकित्ता निघाला. गणवेशातल्या पोराने तो उचलून उलटसुलट पाहिला आणि हिंदीत विचारले, "ये क्या है?"

"सुपारीचा हाय बाबा," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम बदलला. "काका, कुठले तुम्ही?"

"लातूरचा. तू?"

"मी केजचा की!" असे म्हणून त्याने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "वर कॅमेरा हाय, न्हाईतर सोडला असता बघा. जाताना घेऊन जावा." त्याने अडकित्ता खणात टाकला आणि मला एक बिल्ला दिला. सौभाग्यवतींच्या पिशवीतला धपाट्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबाही तिथेच राहिला, कारण बाहेरचे खाणे आत चालत नाही. डबा देताना तिने चटणी किती आहे ते झाकण उघडून पाहून ठेवले. केजच्या पोरावर अविश्वास नव्हता, पण बीड जिल्ह्याला आमची चटणी आवडते हे ती जाणून आहे.

आत गेल्यावर सरकत्या जिन्यापाशी आमची मिरवणूक अडते. सौभाग्यवती एका हाताने निऱ्या उचलतात, उजवा पाय पुढे टाकतात, मागे घेतात, तीन पायऱ्या जाऊ देतात, पुन्हा पाय पुढे. मागे रांग साचते. "अहो, ह्याला जरा थांबवा म्हना की त्यांना!" ही त्यांची मागणी मला अवाजवी वाटत नाही, एसटीसुद्धा म्हाताऱ्या माणसासाठी थांबते. शेवटी कुणीतरी अनोळखी मुलगी त्यांचा हात धरून त्यांना वर नेते आणि मार्गदर्शन करणारा मी खालीच राहतो. बरे, वर पोचल्यावर पुढचा जिना समोर असावा, तर तो मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. हा योगायोग नाही. एका जिन्यावरून दुसऱ्याकडे जाताना वाटेत जास्तीत जास्त दुकाने यावीत, नावाजलेली मोठी दुकाने दोन टोकांना असावीत, भिंतीवर घड्याळ नसावे, बाहेरचे ऊन-सावली दिसू नये, असा सगळा विचार त्यामागे असतो.

छताखालच्या मॉलची कल्पना ज्याने रुजवली तो व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा वास्तुकार. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर 1938 साली तो अमेरिकेला गेला आणि 1956 साली त्याने मिनेसोटामध्ये साउथडेल हा पूर्णपणे बंदिस्त, आत हवामान राखलेला मॉल उभा केला. तिथली थंडी हाडे गोठवणारी, म्हणून छताखाली बाग, पक्ष्यांचा मोठा पिंजरा आणि लोकांना निवांत गप्पा मारता येतील असा चौक करायचा, हे त्याच्या मनात होते. म्हणजे त्यालाही गोलाईच हवी होती, हे माझे मत. व्यापाऱ्यांनी त्यातला चौक वगळला आणि दुकाने तेवढी ठेवली. भल्या माणसाने शेवटी वैतागून मॉलचे पितृत्वच नाकारले आणि तो व्हिएन्नाला परत गेला, तर 1976 साली त्या शहराच्या दक्षिणेलाही एक प्रचंड मॉल उघडला. यजमान कुठेही गाठतात ते असे.

तर बसण्याच्या जागेचा शोध. पुष्कळ निरीक्षणाअंती माझ्या असे लक्षात आले, की मॉलमध्ये फुकट बसण्याची एकच राजमान्य जागा आहे आणि ती बुटांच्या दुकानात असते. तिथे मऊ गादीची बैठी चौकी असते आणि तिच्यावर बसणाऱ्याला कोणी हटकत नाही. मी बसतो. एक तरतरीत मुलगा गुडघ्यावर बसून विचारतो, "सर, साइज?" मी आठ सांगतो. तो आठ आणेपर्यंत चार मिनिटे मिळतात. मग मी बूट घालतो, नाडी बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो आणि अंगठ्याशी जरा दाटतो असे सांगतो. नऊ आणेपर्यंत आणखी चार मिनिटे. नऊ नंबर सैल होतो. मग साडेआठ आहे का, काळ्याऐवजी तपकिरी आहे का, अशी चौकशी सावकाश पुढे नेता येते. या योजनेत एकच खोट आहे. कधी ना कधी तो मुलगा उठून उभा राहतो आणि आदराने म्हणतो, "सर, जरा चालून बघा." बसायला म्हणून गाठलेल्या जागेतून मला पुन्हा चालायला लावले जाते आणि तेही आरशासमोर.

लोअर परळच्या फिनिक्समध्ये मात्र मी बसायचे विसरून उभाच राहिलो. ही 1905 सालची कापडगिरणी. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगावाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गिरणीची चिमणी तेवढी मॉलच्या आवारात अजून ताठ उभी आहे. भाचा तिच्यासमोर माझा फोटो काढत होता आणि मी आतल्या एका शर्टाच्या चिठ्ठीवरचा 4999 हा आकडा मनात घोळवत होतो. माझा मेव्हणा परभणीकडे कापूस लावतो. 2024-25 या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7121 रुपये होता. म्हणजे क्विंटलभर कापसात दीड शर्टही येत नाही. हा हिशेब मी मेव्हण्याला अजून सांगितलेला नाही. तो आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. काउंटरवरच्या मुलीला मात्र मी सवयीने विचारले, "यात काही कमी होतील का?" तिने माझ्याकडे पाहिले नाही, संगणकाकडे पाहिले. "नाही सर, सिस्टीम घेत नाही." पुष्कळ हट्टी दुकानदारांशी मी भाव केला आहे, पण ते निदान माझ्याकडे पाहून नाही म्हणत.

इतर शहरांतही हाच प्रकार. हैदराबाद तर आमचे जुने माहेर. निजामाच्या राज्यात होतो तेव्हापासूनची नाती तिकडे आहेत आणि घरातल्या लग्नांच्या बांगड्या चारमिनारशेजारच्या लाड बाजारातून येत आल्या आहेत. पण नातलगांची नवी पिढी हायटेक सिटीकडे राहते. 1591 सालच्या चारमिनारचे नाव काढताच "तिकडे ट्रॅफिक फार असते" असे सांगून ती आम्हाला इनॉर्बिटला नेते. दिल्लीत साकेतचा सिलेक्ट सिटीवॉक पाहिला. तिथून कुतुबमिनार काही किलोमीटरवर असूनही "तिथे ऊन असते" म्हणून राहून गेला. कोचीच्या लुलूत आम्ही केळीचे वेफर्स घेतले. तेवढेच.

दुबई मॉलची गोष्ट वेगळी. 2008 साली उघडलेल्या या मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकाने आहेत आणि एका बाजूला काचेआड शार्क फिरवणारी अवाढव्य टाकी आहे. तिच्यात एक कोटी लिटर पाणी असते, असे मुलाने सांगितले आणि आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागलो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा पहिल्या गाडीत होते सुमारे पाच लाख लिटर. म्हणजे त्या माशांना पोहायला तशा वीस गाड्या लागल्या असत्या. सौभाग्यवतींना मासे दिसलेच नाहीत. त्या काचेला हात लावून एवढेच म्हणाल्या, "हे पानी दररोज बदलतेत का हो?" त्या उन्हाळ्यात घरातली प्रत्येक घागर त्यांनी स्वतः मोजून वापरली होती, त्यामुळे प्रश्न योग्य जागी विचारला गेला, असे मला वाटते.

फूड कोर्ट बहुधा सगळ्यात वरच्या मजल्यावर असते, म्हणजे भूक लागल्यावर आणि उतरताना, असे दोन्ही वेळा सगळी दुकाने डोळ्यांखालून जातात. तिथे खुर्च्या असतात, हे कबूल. पण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती धरावी लागते आणि रुमालाच्या जागी मला बसवून बाकीचे डोसे आणायला जातात. ती बैठक नव्हे, राखण आहे. रिकाम्या पाच खुर्च्यांवर पिशवी, स्वेटर, चष्म्याचे घर आणि माझे दोन्ही हात पसरून "इथे माणसे आहेत" असे परक्यांना सांगत बसण्यापेक्षा बुटांचे दुकान केव्हाही बरे.

न्यायाने बोलायचे तर मॉलचे दोन उपकार मी मानतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेल्या गावातून आलेल्या माणसाला तो गारवा मिळतो, आणि दुसरा उपकार म्हणजे तिथली स्वच्छतागृहे. आमच्या बाजारांत बायकांची या बाबतीत जी कुचंबणा होते, तिच्यापुढे मांडी घालण्याची माझी हौस किरकोळ आहे, हे सौभाग्यवतींनी मला एकदा स्पष्ट शब्दांत सुनावले आहे.

पुण्यातल्या त्या मॉलमधून आम्ही अर्थातच वेगळ्याच दाराने बाहेर पडलो. अडकित्ता तीन नंबरला आणि आम्ही सात नंबरला. पुतण्या गाडी काढायला तळघरात गेला, सौभाग्यवती त्याच्याबरोबर गेल्या आणि मी विचारत विचारत सगळा मॉल पुन्हा आडवा कापून तीन नंबरला पोचलो. केजच्या पोराने माझी चाल पाहून मागची प्लास्टिकची खुर्ची ओढली, "टेका काका, मी आलो घेऊन," असे म्हणून मला यंत्राच्या शेजारी बसवले आणि तो आतल्या खोलीत गेला. एवढ्यात एक कुटुंब आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले आणि बाईंनी मुकाट्याने पर्स उघडून माझ्यासमोर धरली. त्यांना दुखवणे बरे दिसले नसते. मी आत डोकावून मान हलवली, त्या पुढे गेल्या. मागच्या गृहस्थांनी पिशवी उघडली. तिच्यात फडक्यात बांधलेला डबा होता आणि लसणाच्या चटणीचा वास येत होता. मी आजूबाजूला पाहिले आणि म्हणालो, "जाऊ द्या, जाऊ द्या. पण आत बसून खायला जागा मिळणार नाही."