डाकसेवक भरतीत सेटिंग लावणार ती कुणाशी?

‘पोस्ट भरतीची आतली माहिती’ नावाचा मेसेज गावच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत आला आणि भावोजी पैशांच्या जुळवाजुळवीला लागले. मेसेजचं म्हणणं असं: ग्रामीण डाकसेवकाची भरती सेटिंगशिवाय होत नाही, नोकरी पक्की केंद्र सरकारी, वेतन आयोगासकट, आणि घाई करा, कारण रजिस्टर पोस्ट बंद झालं, आता पोस्ट खातंही गुंडाळणार. गुंडाळायच्याच खात्यात पैसे भरून शिरायचं कशाला, हे काही लिहिणाऱ्याला सुचलेलं नाही.

आधी सेटिंगचं बघू, कारण त्यातच लोकांचे पैसे बुडतात. या भरतीला लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांची टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत काढतात आणि यादी संगणक लावतो. टक्के सारखे निघाले तर वयाने मोठा तो वर. बीए, एमए असाल तरी त्याचा एक गुणही जास्त मिळत नाही. मग सेटिंग लावणारे हे ‘साहेब’ वाढवणार काय? दहावीचे मार्क? अर्जाची फी 100 रुपये, तीही मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना माफ. खात्याच्या जाहिरातीतच लिहिलंय की उमेदवारांना खात्याकडून फोन केला जात नाही. म्हणजे ‘तुमचं नाव यादीत बसवतो’ म्हणणारा फोन आला की तो कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. एजंटाची युक्ती सोपी असते. दहा जणांकडून पैसे घ्यायचे. दोघांची नावं स्वतःच्या मार्कांवर लागतात, ते गावभर याचे गोडवे गातात आणि उरलेले आठ लाजेने गप्प बसतात.

खोट्या गुणपत्रिका देऊन घुसायचे प्रकार झालेत, हे मान्य. पण निवडीनंतर मूळ कागदपत्रांची पडताळणी होते, आणि खोटं पकडलं गेलं की नोकरी जातेच, वर गुन्हा दाखल होतो.

‘पक्की नोकरी’ हे मात्र अर्धं खरं. डाकसेवक नागरी, म्हणजे सरकारी सेवेतलं पद धारण करतो, त्याला मनाला येईल तसं काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच राजम्मा खटल्यात सांगितलंय. पण तो नियमित केडरमध्ये, म्हणजे कायम सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्गात, येत नाही. त्याला वेतन आयोग लागू नाही. त्यांच्यासाठी कमलेश चंद्र समिती वेगळी नेमली होती. तिच्यानंतर जुलै 2018 पासून ब्रांच पोस्टमास्तरला (गावची पोस्ट शाखा सांभाळणाऱ्या डाकसेवकाला) सुरुवातीला 12,000 आणि त्याच्या सहायकाला 10,000 रुपये, त्यावर महागाई भत्ता. कामाचे तास कागदावर चार किंवा पाच. उपजीविकेचं दुसरं साधन हवं, अशी अट आहे. शिवाय शाखा चालवायला गावात जागा ब्रांच पोस्टमास्तरनेच द्यायची. भावोजींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

रजिस्टर पोस्ट म्हणाल तर 1 सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालं. नोंदणी हवी असेल तर जादा पैसे भरून आजही मिळते. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि बहुतेक सगळी खेड्यांत.

भाचीचा अर्ज आम्ही घरीच भरला. दहावीला मराठी होतं, सायकल येते, म्हणजे त्या अटीही पुऱ्या. यादी सरकारी संकेतस्थळावर लागेल. एजंटाने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा भावोजींनी उचलला नाही.