‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ हा गैरसमज

विज्ञानशाखेत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश फिरतो: ‘विद्यापीठ अनुदान आयोगाने दहा टक्के नक्कल मान्य केली आहे, साम्य अहवालात (म्हणजे प्रबंधाचा मजकूर इतर लेखनाशी किती टक्के जुळतो, हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात) आकडा त्याखाली आला आणि शेवटी संदर्भसूची जोडली, की वाङ्मयचौर्याचा प्रश्न उरत नाही.’

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांचा उल्लेख आहे, एवढे खरे. परंतु तेथे शब्द ‘साम्य’ असा आहे, आणि तेवढ्या किरकोळ साम्याला दंड नाही, इतकेच म्हटले आहे. वाङ्मयचौर्याची व्याख्या त्याच विनियमांत ‘दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणे’ अशा अर्थाची असून तिला टक्केवारी जोडलेली नाही. शिवाय श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, प्रमाणित समीकरणे आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून आधीच वगळायचे असते. तेव्हा उरलेले दहा टक्के हा उचलेगिरीचा कोटा नव्हे. पेटंट कायद्यावरील माशेलकर समितीचा अहवाल २००७ मध्ये मागे घेण्यात आला, तो एका अभ्यासकाच्या निबंधातील काही वाक्ये श्रेयाविना जशीच्या तशी आल्याचे उघड झाल्यावर. ती एकूण मजकुराच्या किती टक्के होती, हे कोणी विचारत बसले नाही.

आकड्यावरचा भरवसा त्याहून फसवा. सॉफ्टवेअर शब्दांशी शब्द जुळवते. विचार कोणाचा, हे त्याला कळत नाही. इंग्रजी लेखातील परिच्छेद उदाहरणांच्या क्रमासकट मराठीत उतरवला, तर साम्य शून्याच्या आसपास दिसू शकते आणि तरीही ती चोरीच असते. (‘भाषांतर तर मीच केले’ हा बचाव मला नेहमी गमतीचा वाटतो: श्रम भाषांतराचे, श्रेय मात्र संपूर्ण लेखाचे.) विकिपीडियावरचा मजकूर मुक्त असला, तरी त्याच्या परवान्यात श्रेयनिर्देशाची अट आहेच.

राहिली संदर्भसूची. ती नुसती शेवटी जोडल्याने कोणते वाक्य कोणाचे, हे वाचकाला समजत नाही. शब्दशः घेतलेल्या मजकुराला अवतरणचिन्हे आणि तेथल्या तेथे संदर्भ हवा. स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या निष्कर्षालाही संदर्भ हवाच. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे सांगायला अर्थातच कोणाचा हवाला लागत नाही. मात्र मूळ शोधनिबंध न वाचता आढावा लेखातून आकडा उचलला असेल, तर मूळ निबंध वाचल्याचा आव न आणता ‘अमुक आढावा लेखात उद्धृत’ असेच लिहिले पाहिजे.