गोव्यात स्वस्तात भाड्याने गाडी कशी घ्यावी

मंगेशीला अभिषेक, कवळ्याला शांतादुर्गेची ओटी, आणि आई दमली नाही तर संध्याकाळी मिरामार. एवढ्यासाठी टॅक्सी कोण करतो? गोव्यातल्या टॅक्सीचे दर विचारून झाल्यावर माणूस काही वेळ गप्प बसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा सेल्फ ड्राइव्हच घ्या, म्हणजे गाडी भाड्याची आणि चालवायची आपणच. मी गेल्याच महिन्यात घेतली. त्यातून मिळालेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतोय. मला साडेतीन हजारांना पडलं.

सुरुवात सोपी आहे. ज्याचा आकडा सगळ्यात लहान, त्यालाच फोन करा. 'दिवसाला नऊशे, दादा' असं तो म्हणाला की पुढे तोंड उघडू नका. विमानतळावर गाडी आणून देण्याचे वेगळे का, रात्री उशिरा उतरलो तर किती, हे विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. मोपाला उतरणार की दाबोळीला, तेही सांगू नका. २०२३पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, एक पार पेडण्यात आणि एक वास्कोजवळ. शोधत येईल बिचारा, आणि शोधण्याचे पैसे लावील. 'दिवस' म्हणजे चोवीस तास की कॅलेंडरवरची तारीख, हा प्रश्न तर शाळामास्तरांचा. दोन तास उशीर झाला आणि अख्ख्या दिवसाचं भाडं कापलं, की आपोआप कळतं.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी घेऊ नका. ती रीतसर भाड्याची असते, म्हणजे महाग. शिवाय रेंट-अ-कॅबची १९८९ची सरकारी योजना म्हणते की परवाना हवा तर धंदेवाल्याकडे किमान पन्नास गाड्या हव्यात. कशाला एवढा पसारा? कुणाच्या तरी काकाची पांढऱ्या पाटीची गाडी दोनशेने स्वस्त मिळते. पोलिसांनी अडवलं तर 'मित्राची आहे' म्हणायचं. मित्राचं नाव विचारलं तर डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघायचं. परवान्याशिवाय भाड्याने फिरवली म्हणून पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि ठोकलीच तर खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. पण दोनशे रुपये वाचतात ना!

पेट्रोल दोन काड्यांवर मिळेल, पण काट्याचा फोटो काढू नका. शोभत नाही.

मोरजीच्या वाळूत गाडी घालाच. रील छान येतं, क्रेनवालाही खूश होतो.

आता मुख्य गोष्ट. गाडी ताब्यात घेताना ती चिखलाने माखलेली असेल असं बघा. आमची तशीच होती. जुलैचा पाऊस, दारांवर तांबडी माती, मागचा बंपर तर शेणाने सारवल्यासारखा. गाडी आणून देणारा मुलगा म्हणाला, 'दादा, टेन्शन नाका, सगळं ओके आहे.' मी ओके म्हटलं. पाच हजार डिपॉझिट यूपीआयने दिलं आणि निघालो. तीन दिवस गाडी फिरवली. शेवटच्या दिवशी आईच म्हणाली, दुसऱ्याची वस्तू अशी घाण परत देऊ नये. म्हणून म्हापशात अडीचशे रुपये मोजून गाडी धुऊन घेतली. लख्ख केली! आणि त्या लख्ख बंपरवर, डाव्या कोपऱ्यात, वीतभर लांब ओरखडा. त्याच्या आत तांबडी माती भरून वाळलेली, नखाने खरवडली तरी निघेना. तीन दिवसांत एवढी मुरते का माती? पण तो मुलगा उकिडवा बसला, मोबाइलचा टॉर्च मारला, त्यावरून बोट फिरवलं आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाला, 'दादा, हे तुमच्याकडून झालं.' जुना आहे म्हटलं, तर म्हणे आधीचा फोटो दाखवा. फोटो कुठला? चिखलाचा काढायचा होता? पेंटचे दोन हजार, आणि गाडी पेंटिंगला उभी राहील त्या दिवसांचं भाडं दीड हजार. कुठल्या दिवसांचं? आमच्यासमोरच पुढचं कुटुंब त्याच गाडीत बॅगा चढवत होतं! ओरखड्यासकट! त्यांच्याकडूनही घेईल हा, आणि त्यांच्यानंतरच्यांकडूनही. तो बंपर कधीच रंगवला जाणार नाही. तो ओरखडाच त्याचा धंदा आहे, गाडी नुसती निमित्ताला.

पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिरोड्याला जायचं आमचं राहून गेलं, नाहीतर 'बॉर्डर चार्ज'ही होता. कागदावर होता. मी वाचला नव्हता.

फोंड्याचा मावसभाऊ ऐकून हसला. म्हणाला, 'अरे, आधी पाटी बघायची, मग व्हिडिओ, मग एसी लागतो का ते.'

बरं, थट्टा पुरे. नऊशेचं भाडं सांगून बाकीचं परतीच्या वेळी उपटणं ही लबाडी आहे. विमान पकडायची घाई असलेल्या, म्हातारी आई बरोबर असलेल्या माणसाला पार्किंगमध्ये अडवून पैसे काढता, लाज वाटत नाही? आणि आपण? भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस करतो, आणि गाडीभोवती एक चक्कर मारून, त्या मुलाला फ्रेममध्ये घेऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला संकोचतो. मी संकोचलो. डिपॉझिट कधी आणि कशावर परत मिळणार, हे मेसेजवर लिहून घ्यायचं, एवढंही सुचलं नाही मला.

उरलेले दीड हजार 'संध्याकाळी टाकतो' म्हणाला होता. आज एकोणिसावी संध्याकाळ. कालपासून व्हॉट्सॲपवर त्याचा फोटोही दिसत नाही.