अडशो नहीं

गेल्या रविवारी वडोदऱ्यातल्या एका चित्रप्रदर्शनातून आमच्या कुटुंबाला जवळजवळ हाकलून देण्यात आले, आणि तरीही तिथल्या अभिप्रायवहीत मी ‘उत्तम’ असे लिहून आलो, याचा राग अजून गेलेला नाही.

मुलांना खरे तर कमाटी बागेत जायचे होते, कारण तिथल्या १८९४ सालच्या संग्रहालयात ममी आहे आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. परंतु मुलांवर कलेचे संस्कार करण्याचे खूळ आमच्या घरात सध्या ताजे आहे.

दारात छत्री ठेवून घेत पहारेकऱ्याने “अडशो नहीं” असे बजावले. गुजरातीत त्याचा अर्थ हात लावू नका एवढाच होतो; पण साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी “आम्ही कशाला अडतोय बाबा?” असे त्याला सुनावले. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा अशा बेताने चित्रे टांगण्याचा प्रघात आहे, म्हणजे साडेतीन फुटी प्रेक्षकाला चौकटीची खालची पट्टी आणि किमतीची चिठ्ठी एवढीच कला दिसते. त्यामुळे सतरा किलोंच्या कन्येला मी प्रत्येक चित्रापुढे उचलून धरत होतो.

अकराव्या चित्रापाशी शबनम लावलेले एक गृहस्थ चिरंजीवांपुढे वाकले. चित्र म्हणजे भिंतभर निळा रंग होता.

“बाळ, हे पाहून तुला आतून काय वाटतं?”

चिरंजीवांनी पायात पाय गुंफले. “शू लागल्यासारखं वाटतं.”

“वाः!” गृहस्थांनी डोळे मिटले. “साठलेल्याची मोकळं होण्याची ओढ! अहो, आम्हाला इथवर यायला तीस वर्षं लागली.”

त्याला खरोखरच लागली आहे, असे मी म्हणालो.

“खरोखरच असते हो, हीच तर गंमत आहे,” असे म्हणून त्यांनी माझा दंड धरला. “बाळ, किती जाणवतंय?”

“खूप.”

“बघा, शब्द किती नेमका!”

दंड सोडवून मी पहारेकऱ्याकडे धावलो. अडला हरी कोणाचे पाय धरतो ते सांगायला नको. त्या पहारेकऱ्याला मराठी म्हणी ठाऊक नव्हत्या हे बरे झाले. प्रसाधनगृह फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे असे सांगून तो वर म्हणाला, “छोकरांओने बहार लई जाओ.” भिंतीवर सत्तर हजारांचे चित्र लावणाऱ्यांना सासूबाईंसाठी एक बाकडे आणि सहा वर्षांच्या मुलासाठी एक मोरी का परवडू नये, हे मला कळत नाही. याच शहरात राजवाड्याच्या आवारात महाराजांच्या मुलांसाठी बांधलेली शाळा आहे आणि तिथे आता रविवर्म्याची चित्रे आहेत. मुलांनी जागा दिली, पण चित्रवाल्यांना मुलांची अडचण होते.

चिरंजीव शेवटी समोरच्या हॉटेलात मोकळे झाले, आणि त्या सोयीपोटी आम्हाला चार प्लेट सेव-उसळ घ्यावी लागली.

छत्री आणायला मी एकटाच परत गेलो, तेव्हा ते गृहस्थ त्याच निळ्या चित्रापुढे दोन विद्यार्थिनींना साठलेल्याची ओढ समजावून देत होते, आणि त्यात चिरंजीवांचा उल्लेख कुठेही नव्हता. पहारेकऱ्याने अभिप्रायवही पुढे केली. छत्री त्याच्या काखेत होती. मी ‘उत्तम’ असे लिहिले.