पालकसभेला सही नको, माणूस पाहिजे

पोरगं वाचनात मागं पडलं की आपण सरांना बोल लावतो. सर म्हणतात, घरी कोण लक्ष देत नाही. मधल्यामधे पोराला दोन्हीकडून बोलणी. मला वाटतं, पहिली ते चौथीच्या वर्गात कोण काय करणार हे पालक, शिक्षक आणि मुलं या तिघांनी एकत्र बसून ठरवलं पाहिजे.

आपल्या कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळात रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. फी माफ करून महाराज थांबले नाहीत, पालकावरही जबाबदारी टाकली.

आज दंड नाही, उलट अधिकार आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. सरकारी शाळेत अनुदान कुठं खर्च झालं हे बघायचा हक्क या समितीला आहे. आणि आपण काय करतो? कित्येक ठिकाणी रजिस्टर घरी येतं, सदस्य असलेल्या बाईच्या जागी तिचा नवरा सही करतो, सभा झाली! हे मनाला लागतं.

पण सकाळी अकराला सभा ठेवली तर उद्यमनगरात फौंड्रीवर जाणारा बाप येणार कसा? त्याचा अर्धा दिवस बुडतो. सभा संध्याकाळी सातला ठेवा, गर्दी होते की नाही बघा. शिक्षकांकडून माझी पहिली मागणी हीच. दुसरी, मुलाला काय येतं आणि कुठं अडतंय हे पालकाला साध्या भाषेत सांगा. नुसती श्रेणी सांगून आईला काही कळत नाही.

त्या बदल्यात आपणही शिक्षकांच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून बाकी अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. तरी सर वर्गाबाहेर दिसले, तर जाब पालकांनी वर विचारायचा. घरी रोज पंधरा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून पोराचं वाचन ऐकायचं. आजी-आजोबांनी ऐकलं तरी चालतंय. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनीही ऐकावं, पोरगं अडखळलं की कानाला कळतंच.

आणि मुलांचं काय? त्यांचं वचन त्यांनीच सांगायचं, आपण लिहून द्यायचं नाही. “समजलं नाही तर हात वर करीन” एवढं एक पोरानं म्हटलं तरी पुष्कळ झालं. मात्र हात वर केल्यावर वर्गात कुणी हसणार नाही, सर ओरडणार नाहीत, ही हमी मोठ्यांनी आधी दिली पाहिजे. नाहीतर दुसऱ्यांदा तो हात वर येत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच सभेत हे मांडा. तुमच्या शाळेत सभा किती वाजता असते आणि किती पालक येतात, खाली सांगा.