पिसं असलेला बांगडा

मर्गेन्झर नीट केला तर झकास लागतो, असं छातीठोकपणे सांगणारी बरीच माणसं मला भेटली. सगळी सांगत होती. खात एकही नव्हतं.

हा पक्षी ज्यांच्या वाट्याला आलेला नाही (त्यांनी देवाचे आभार मानावेत), त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. मर्गेन्झर हे जातीने बदकच, पण खानदानातलं वाया गेलेलं. बाकीची सभ्य बदकं पाणवनस्पती, बिया, फार तर किडे-गोगलगायी यांवर संसार करतात. हा पठ्ठ्या बुडी मारतो आणि मासे धरतो. त्यासाठी निसर्गाने त्याला पसरट चोच दिलीच नाही. लांब, निमुळती, टोकाला आकडा आणि कडांना आतल्या बाजूला वळलेले करवतीचे दाते अशी चोच दिली आहे. उत्तर अमेरिकेत याच्या तीन जाती: कॉमन, रेड-ब्रेस्टेड आणि हूडेड. हूडेड आकाराने लहान, आणि माशांच्या जोडीला क्रेफिश, पाण्यातले किडे असलं सटरफटर खातो, म्हणून तिघांत त्याचं नाव त्यातल्या त्यात बरं. माझ्या नशिबी आला तो कॉमन. चांगला दीड किलोचा नर.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो, पण उंच इमारतींच्या न्यूयॉर्कात नव्हे. वर, लेक ऑन्टारिओच्या अंगाला. इथे थंडी पडली की सरोवरावर बदकं उतरतात आणि ऑफिसात सोमवारी सकाळी माणसं झोपाळलेली, चिखलाचे बूट घालून येतात. आमच्या टीममधला एक सहकारी या पंथातला. मी भारतीय म्हणजे शाकाहारी, अशी त्याची बरेच दिवस गोड समजूत होती. एका पार्टीत त्याने मला चिकनची तंगडी सोलताना पाहिलं आणि तिथे माझा घात झाला.

‘‘तुझ्यासाठी बदक आणलंय,’’ म्हणत त्याने पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडली. ‘‘तुम्ही लोक मसाले घालता ना, तुम्हाला जमेल.’’

‘तुम्हाला जमेल’ या शब्दांत जी सूचना होती, ती माझ्या डोक्यात घरी जाऊन शिरली. त्या क्षणी मला फक्त कौतुक वाटत होतं. अमेरिकेत रानबदक विकत मिळत नाही. 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टने शिकारीच्या बदकांची विक्री बंद केली, ती आजतागायत बंदच आहे. स्वतः मारा, नाहीतर कोणी प्रेमाने द्यावं, तिसरा मार्ग नाही. भेटीलाही नियम आहेत. देवाणघेवाण कोणाच्या घरी न होता बाहेर होणार असेल, तर पक्ष्याला चिठ्ठी हवी. तीवर शिकाऱ्याची सही, पत्ता, कोणती जात, किती नग, कधी मारले. त्याने बॉनेटवर कागद ठेवून ती सगळी माहिती सुवाच्य अक्षरात लिहिली आणि चिठ्ठी दोऱ्याने बदकाच्या पायाला बांधली. माझ्या लग्नात आलेल्या आहेरांवरही इतका तपशील नव्हता.

हळूहळू मला या औदार्यामागचं अर्थशास्त्र कळलं. मारलेला पक्षी पाण्यात तसाच सोडून निघून जाणं कायद्याला चालत नाही. तो शोधून उचलावा लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात पाण्यालगत सुसाट येणारं ते बदक खायला चांगलं असलेलं मॅलार्ड आहे की मर्गेन्झर, हे कधीकधी गोळी सुटल्यावर कळतं. मग उचललेला मर्गेन्झर घरी जातो, घरून ऑफिसात येतो, आणि ऑफिसात तंगडी खाणारा एखादा भारतीय असतोच. (शिकाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. दरवर्षी 25 डॉलर मोजून ते फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठीचं सरकारी तिकीट, घेतात. 1934 पासून चालत आलेल्या त्या तिकिटाच्या पैशांतून पाणथळ जागा राखल्या जातात. माझ्यासारखे नुसते काठावर उभे राहून फोटो काढणारे दमडी देत नाहीत.)

घरी बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला, आणि तोच श्वास अर्ध्यावर सोडून दिला. ‘‘हे बदक आहे?’’

‘‘हो.’’

‘‘मग कोळणीच्या टोपलीचा वास का येतोय?’’

मी सल्ले गोळा करायला लागलो. मर्गेन्झरच्या बाबतीत सल्ल्यांना तोटा नाही. रात्रभर दुधात ठेव. दूध नको, ताक. ताक नको, मिठाचं पाणी, आणि ते दोनदा बदल. संत्र्याच्या रसात बुडव. बेकनमध्ये गुंडाळ. सॉसेज कर, पण त्यात तिप्पट डुकराचं मांस घाल. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ती सुप्रसिद्ध फळीची कृतीही सांगितली: बदक लाकडी फळीवर ठोकायचं, मंद आचेवर चांगलं भाजायचं, मग बदक फेकून द्यायचं आणि फळी खायची. ही कृती इथल्या प्रत्येक शिकाऱ्याला येते, आणि प्रत्येकाला ती आपल्याच आजोबांनी शोधली असं वाटतं.

पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. जे जे आपली कृती मनापासून सांगत, ते शेवटी ठरावीक वाक्यावर यायचे. ‘‘अरे, कळतसुद्धा नाही मर्गेन्झर आहे म्हणून!’’ विचार करा. पुरणपोळीची स्तुती करताना कोणी म्हणेल का, की पुरण आहे हे कळतच नाही? ज्या पदार्थाचं सगळं यश तो पदार्थ न जाणवण्यात आहे, तो मुळात करायचाच कशाला? बेकन आणि तिप्पट डुक्कर घरात असेल, तर माणसाने बेकन आणि डुक्कर खावं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने चष्मा वर केला. ‘‘मासे खातंय म्हणतोस ना? मग कोकमाचं आगळ लाव. तासभर ठेव. वास कुठल्या कुठे जाईल.’’

आईचं शास्त्र माशांपुरतं शंभर टक्के खरं आहे. शिळ्या माशाचा जो वास येतो तो ट्रायमिथिलअमीन नावाच्या अल्कधर्मी पदार्थाचा, आणि आंबट लावलं की त्याचा क्षार होऊन तो उडेनासा होतो, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. लिंबू, चिंच, कोकम यांची पुण्याई ती हीच. मर्गेन्झरची गोष्ट निराळी. त्याच्यात मासा मुरलाय तो चरबीत. गाई-म्हशी पोटातल्या जंतूंकडून खाल्लेल्या चरबीचं रूप बदलून घेतात. कोंबड्या-बदकांकडे ती सोय नाही. जे तेल पोटात गेलं, ते जवळजवळ तसंच कातडीखाली जमा. कोंबड्यांना मासळीचा भुगा जास्त घातला तर अंडी-मांस वासट होतं, ते याचमुळे. माशाचं तेल फार नाजूक. हवा लागली, आच लागली की ते फुटतं आणि खवट वास सुटतो. त्याला आगळही काही करू शकत नाही आणि दूधही. तिथे फक्त सुरी कामाची.

ह्याच हिशेबाने काही बदकं देवाच्या पंक्तीला बसली. एकोणिसाव्या शतकात चेसापीक उपसागरातलं कॅनव्हासबॅक म्हणजे बड्या हॉटेलांचा मानबिंदू होता, कारण ते तिथल्या वाइल्ड सेलरी नावाच्या पाणगवताचे कोंब आणि मुळं खाऊन गुबगुबीत व्हायचं. पुढे ते गवत कमी झालं, बदकं शिंपल्यांवर आली, आणि जुने शिकारी अजून हळहळतात. म्हणजे बदकाची जात विचारू नये, जेवणाचं ताट विचारावं.

शेवटी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं पसरून मी ते सोलायला बसलो. (किचनमधून माझी हकालपट्टी झाली होती.) पिसं उपटत बसायचं नाही, कातडीसकट सगळं ओढून काढायचं, एवढा एक सल्ला मात्र सोळा आणे खरा. काल पोटावरच्या पांढऱ्या पिसांवर फिकट गुलाबी-पीच रंगाची झाक होती, ती रात्रीत उडून गेली होती. जिवंतपणीचा तो रंग मेल्यावर टिकत नाही. कातडीखाली नारिंगी-पिवळी चरबी. तिला सुरी लावली आणि माझी खात्री पटली की आपण पिसं असलेला बांगडा साफ करतोय. अन्ननळी कापली तर आत बोटभर लांबीचा अख्खा मासा, डोळा शाबूत, माझ्याकडे बघतोय. त्याच्याही मनात तेच असावं, की बाबा, आता तू?

छातीच्या मांसात छर्रे शोधणं हा एक स्वतंत्र उद्योग. 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद आहे, त्यामुळे बहुतेकांकडे पोलादी छर्रे. पर्यावरणाला उत्तम, पण दाताला शिसं परवडायचं. प्रत्येक छर्रा आत जाताना सोबत चिमूटभर पिसं घेऊन जातो. चिमट्याने ती काढताना मला माझ्या शिक्षणावर झालेला खर्च आठवत होता.

सगळी चरबी खरवडून, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, पुसून कोरडं केल्यावर हातात काळपट लाल रंगाचे दोन तुकडे उरले. दीड किलोच्या देहाचं एवढंच फलित. हा रंग रक्तवर्णी मायोग्लोबिनचा. दिवसभर उडणाऱ्या आणि बुडणाऱ्या स्नायूंना तो लागतोच. आता पेच शिजवण्याचा. सरकारी नियम सांगतो की पक्ष्याचं मांस आतून 74 अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे. शिकारी सांगतात, 55 ते 57 च्या पुढे गेलास तर काळीज खातोयस असं वाटेल. एकीकडे जंतू, दुसरीकडे चव. मी एक तुकडा शिकाऱ्यांच्या मताने तव्यावर परतला आणि दुसऱ्याची सरकारच्या मताने रस्सा-भाजी केली, म्हणजे कुणी नाराज नको.

तव्यावरचा तुकडा तोंडात घातला. पहिले दोन घास चावेपर्यंत चक्क बरा लागला. बीफच्या जवळपास, जरा लोखंडी. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलंही. मग काळजाची चव आली. मग घास खाली उतरला आणि जिभेच्या मागच्या टोकाला, जिथे मला बचावाचा काही मार्ग नव्हता, तिथे कॉड लिव्हर ऑइल येऊन बसलं. ते रात्री साडेअकरापर्यंत उठलं नाही. दोनदा दात घासले तर पुदिन्याचा मासा झाला.

रस्सा तर त्याहून मजेदार. आलं, लसूण, खोबरं, गरम मसाला सगळं जागच्या जागी, रंगही सुरेख. पण मसाला आणि बदक एका भांड्यात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. रस्सा रश्शासारखा, मांस सरोवरासारखं. चरबी वरून काढता येते, स्नायूंच्या आत विणलेली कशी काढणार?

बायको शांतपणे आमटीभात खात होती. तिच्या ताटाशेजारी एक कागद छापून ठेवलेला होता. ‘‘हे वाच,’’ ती म्हणाली. ‘‘राज्याच्या आरोग्य खात्याचं आहे.’’

वाचलं. इतर रानबदकांसाठी त्यांचा सल्ला असा, की कातडी आणि चरबी काढा, आणि महिन्यातून दोन वेळांपेक्षा जास्त खाऊ नका. मर्गेन्झरसाठी सूचना आटोपशीर होती. खाऊच नका. पाणपक्ष्यांत सर्वांत दूषित तोच. आणि हे पटण्यासारखं आहे. पीसीबी हे रसायन अमेरिकेने 1979 मध्येच बंद केलं, तरी ते नद्या-सरोवरांच्या गाळात अजून ठाण मांडून आहे. गाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, आणि दर पायरीला मात्रा चढती. मर्गेन्झर त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर जेवायला बसतो, आणि मी त्याच्याही वर ताट मांडलं होतं. पीसीबी चरबीत राहतं, त्यामुळे चरबीबरोबर थोडं तरी जातं. पण तसाच माशांतून चढत आलेला पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, तो सुरीने निघत नाही, दुधाने नाही, आगळाने नाही. म्हणजे आम्ही सगळे इतके दिवस वासावर वाद घालत होतो, आणि तो वास बिचारा प्रामाणिकपणे ‘खाऊ नका’ सांगत होता.

‘‘तुला हे कधी कळलं?’’

‘‘काल संध्याकाळी.’’

‘‘मग आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘एका तुकड्याने काही होत नाही रे. आणि तू गॅरेजमध्ये इतका खुशीत शिट्टी वाजवत होतास.’’ मग थोडं थांबून, ‘‘विम्याचा हप्ताही मागच्याच आठवड्यात भरलाय.’’

सोमवारी सहकाऱ्याने उत्साहाने विचारलं, कसं झालं? अमेरिकेत अशा वेळी ‘इंटरेस्टिंग’ म्हणायची सोय आहे, ती मी घेतली. मग न राहवून विचारलं, ‘‘तू कसं करतोस?’’

‘‘मी?’’ तो दचकलाच. ‘‘मी कधी खाल्ला नाही. आमच्याकडे वास चालत नाही.’’

मी त्याला आरोग्य खात्याचा कागद दिला. त्याने तो गंभीरपणे वाचला, मान हलवली, यापुढे चोच दिसल्याशिवाय गोळी झाडणार नाही म्हणाला. माणूस मुळात सज्जन. पण निघता निघता त्याने ती मसाल्याची कृती लिहून मागितली. त्याच्या एका मेव्हण्याच्या फ्रीझरमध्ये मागच्या मोसमातले काही मर्गेन्झर अजून पडून आहेत, आणि ‘इंडियन पद्धत’ कुणीच करून पाहिलेली नाही.

मी साहित्य, प्रमाण, वेळ सगळं व्यवस्थित लिहून दिलं. पहिली ओळ अशी आहे: एक मॅलार्ड घ्या.